लेकराचा विज्ञान प्रकल्प : शोधनिबंध कसा लिहायचा आणि आईने काय विचारायचं



दशसूत्रीत शिक्षणाचं सूत्र आहे. या अंकाचा धडा त्यातलाच आहे.

आठवी-नववीचं लेकरू शाळेतून येतं आणि सांगतं, "आई, विज्ञानाचा प्रकल्प द्यायचाय. त्याचा शोधनिबंध पण लिहायचाय." मग बहुतेक घरी दोनपैकी एक गोष्ट होते. पैसे मोजून दुकानातून थर्माकोलची तयार वस्तू येते, नाहीतर मोबाईलवर बघून पानंच्या पानं उतरवली जातात. आपण बाजूला होतो. "मी सातवी शिकलेली, मला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य मी नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांत पुष्कळदा ऐकलंय.

हा लेख त्या वाक्यासाठीच लिहिलाय. शोधनिबंधाला लागतं ते नीट बघणं, मोजणं आणि मोजलं तेच लिहिणं. गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला हे येतंच.

शोधनिबंध म्हणजे काय?

निबंधात आपण माहिती लिहितो. शोधनिबंधात एक प्रश्न असतो, त्याचं उत्तर आपण स्वतः शोधलेलं असतं आणि ते कसं शोधलं हे दुसऱ्याला समजेल असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटलं तर त्याला तोच प्रयोग पुन्हा करून बघता आला पाहिजे.

आपली गटाची वही आठवा. कोण हजर होतं, किती बचत जमली, कोणाला किती कर्ज दिलं, कधी फिटणार, सगळं त्यात असतं. बैठकीला न आलेल्या बाईलाही वही वाचून काय झालं ते कळतं. शोधनिबंध तसाच असतो. ती प्रयोगाची वही आहे.

प्रश्न कुठून आणायचा?

"प्रदूषण", "पाणी वाचवा", "पर्यावरण" हे प्रश्न नाहीत, नुसते विषय आहेत. त्यावर कितीही लिहा, उत्तर सापडत नाही. प्रश्न लहान हवा, आपल्या दारातला हवा आणि आपल्याला मोजता येईल असा हवा.

आपल्या भागात अशा प्रश्नांना तोटा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. त्यावरून लेकरू विचारू शकतं, "आमच्या गल्लीतल्या गळक्या नळातून एका दिवसात किती लिटर पाणी वाया जातं?" एक बादली, एक मापाचं भांडं आणि घड्याळ, एवढ्यावर हा प्रकल्प होतो. किनवट तालुक्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं तपासणीत आढळलेलं आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. पाणी तपासायची पेटी वापरायचं प्रशिक्षण अनेक गावांतल्या महिलांनी घेतलंय. त्यांच्यासोबत बसून लेकराला आपल्या हातपंपाचं आणि शेजारच्या विहिरीचं पाणी तपासून लिहिता येतं.

या लेखात मात्र आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ते आहे सोयाबीनच्या बियाण्याचं.

सोयाबीनच का?

कारण त्यात आपला पैसा अडकलेला असतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारी ढिगाने आल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा आणि मिरगाची ओल हातातून गेलेली. त्यासाठी घेतलेलं कर्ज शेवटी आपल्या गटाच्याच वहीत दिसतं.

म्हणून कृषी विभाग दर वर्षी सांगतो, घरचं बियाणं पेरण्याआधी त्याची उगवण तपासा. सोयाबीनचं साल फार पातळ असतं आणि आतला अंकुर सालीच्या अगदी जवळ असतो. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आदळलं किंवा बियाण्याला ओल लागली, की वरून चांगला दिसणारा दाणाही उगवत नाही. हाताने उकरून हे कळत नाही. तपासूनच बघावं लागतं.

आता लेकराचा प्रश्न असा ठेवू : "आमच्या घरी जमिनीवर ठेवलेल्या पोत्यातलं आणि लाकडी फळीवर ठेवलेल्या पोत्यातलं सोयाबीन सारखंच उगवतं का?"

फरक एकच ठेवायचा

प्रयोगाचा हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. समजा लेकराने आपलं बियाणं आणि शेजारच्या काकूंचं बियाणं घेतलं आणि काकूंचं जास्त उगवलं. मग कारण काय म्हणायचं? त्यांचं वाण वेगळं, मळणी वेगळी, रान वेगळं, ठेवायची जागाही वेगळी. काहीच सांगता येत नाही. म्हणून दोन्ही पोती एकाच वाणाची, एकाच रानातली आणि एकाच दिवशी मळलेली हवीत. फरक फक्त ठेवायच्या जागेचा.

प्रयोग असा करायचा :

१. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि खालून मूठ-मूठ दाणे घ्यायचे आणि मिसळायचे.

२. त्यातले १०० दाणे मोजायचे. निवडायचे नाहीत. चांगले बघून घेतले तर प्रयोग तिथेच खोटा झाला.

३. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी बोटभर अंतराने मांडायच्या. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, हलकी गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची.

४. असं प्रत्येक पोत्याचं तीन वेळा करायचं. म्हणजे एकूण सहा गुंडाळ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची.

५. सगळ्यांवर सारखंच पाणी शिंपडायचं. मे महिन्यात आपल्याकडे गोणपाट दुपारपर्यंत वाळतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा बघायचं. ओल राहिली पाहिजे, पाणी साचायला नको.

६. सहा ते आठ दिवसांनी सगळ्या गुंडाळ्या एकाच दिवशी उघडायच्या. धड निरोगी मोड आलेले, वेडेवाकडे मोड आलेले, कुजलेले आणि तसेच राहिलेले दाणे वेगळे मोजायचे. उगवण म्हणून फक्त पहिला आकडा धरायचा.

लेकराने रोजची नोंद त्याच दिवशी, तारीख टाकून वहीत करायची. आठ दिवसांनी आठवून लिहिलेली नोंद आपण गटात चालवून घेत नाही. इथेही तसंच.

शोधनिबंध कोणत्या क्रमाने लिहायचा?

शीर्षक : वाचताच प्रश्न कळावा. "सोयाबीन : एक अभ्यास" असं नको. "साठवणीच्या जागेचा घरच्या सोयाबीन बियाण्याच्या उगवणीवर होणारा परिणाम" असं हवं. गावाचं नाव आणि वर्षही टाकावं.

प्रस्तावना : हा प्रश्न का घेतला? आपल्या घरी, गावात त्याने काय फरक पडतो? एक पान पुरे. सोयाबीनचा सगळा इतिहास नको.

अंदाज : पुस्तकात याला गृहीतक म्हणतात. प्रयोगाआधी काय वाटत होतं ते एका वाक्यात. "फळीवरचं बियाणं जास्त उगवेल असं मला वाटतं, कारण जमिनीची ओल त्याला लागत नाही." हे प्रयोगाआधीच लिहून ठेवायचं.

साहित्य आणि पद्धत : कोणतं वाण, जेएस ३३५ की एमएयूएस १५८ की फुले संगम, मळणी कधी झाली, पोती किती महिने ठेवली होती, दाणे किती, पाणी किती वेळा, दिवस किती. "थोडे दाणे घेतले" असं लिहायचं नाही. आकडा लिहायचा.

निरीक्षणं : इथे तक्ता. समजा असे आकडे आले :
फळीवरचं पोतं : ७८, ७४, ७६. सरासरी ७६.
जमिनीवरचं पोतं : ६१, ५७, ६२. सरासरी ६०.
(हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. लेकराचे आकडे त्याच्या गोणपाटातूनच यायला पाहिजेत.)
तीन वेळा का करायचं, ते इथे दिसतं. एकाच पोत्यातले आकडेही थोडे खाली-वर होतात. एकदाच करून बघितलं असतं तर कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

निष्कर्ष : जेवढं बघितलं तेवढंच लिहायचं. "आमच्या घरच्या या दोन पोत्यांत फळीवरच्या बियाण्याची उगवण १०० दाण्यांमागे १६ ने जास्त आली." बस. "जमिनीवर ठेवलेलं बियाणं कुठेच उगवत नाही" असं लिहिलं तर ते खोटं होईल, कारण आपण दोनच पोती बघितली.

उपयोग : उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणं लागतं, अशी शिफारस आहे. ६० टक्केच आली तर? ३० ला ७० ने गुणायचं आणि ६० ने भागायचं. उत्तर येतं ३५ किलो. म्हणजे एकरी पाच किलो जास्त. लेकराचं गणित आता आपल्या पेरणीत आलं. असं कमी उगवणीचं बियाणं पेरायचं की बदलायचं, हे मात्र सहायक कृषी अधिकाऱ्यांना आकडे दाखवून ठरवा.

मर्यादा : काय राहून गेलं ते. "एकाच घरची पोती घेतली. खोलीतली ओल मोजता आली नाही." यामुळे गुण कमी होत नाहीत. तपासणाऱ्याला कळतं की लेकराने विचार केलाय.

आभार आणि संदर्भ : ज्यांनी मदत केली त्यांची नावं. पुस्तक, मोबाईल, सहायक कृषी अधिकारी, आजी, जिथून माहिती घेतली ते सगळं. मोबाईलवर वाचणं चुकीचं नाही. तिथलं उचलून आपलं म्हणून लिहिणं चुकीचं आहे.

आकडा उलटा आला तर?

असं होतंच. लेकराचा अंदाज असतो फळीवरचं जास्त उगवेल आणि निघतं दोन्ही सारखंच. मग लेकरू म्हणतं, "आई, प्रकल्प फसला. आकडे जरा बदलू का?"

इथे तुम्हाला बोलावं लागेल. गटाच्या वहीत शंभर रुपयाचा मेळ बसत नसला तर आपण आकडा खोडून बसवत नाही. रात्री उशीर झाला तरी फरक शोधतो. प्रयोगातही तेच करायचं. उलटा आलेला आकडाही उत्तरच असतो. कदाचित घरात फरशी कोरडी असेल. कदाचित नुकसान मळणीतच झालं असेल. लेकराने ते "असं का झालं असावं" म्हणून लिहायचं. त्यातून पुढच्या वर्षीचा प्रश्न मिळतो.

आणि याची किंमत आपल्याच घरात मोजावी लागते. लेकराने ६० चे ७६ केले आणि आपण त्यावर विसंबून पेरलं, तर रान विरळ उगवेल. शाळेत कोणाला कळणार नाही, पण आपल्या रानात दिसेल.

आईने विचारायचे पाच प्रश्न

लेकराचं लिखाण तुम्ही लिहू नका. लेकराला वाचून दाखवायला लावा आणि एवढंच विचारा :

१. तुला नेमकं काय शोधायचं होतं? एका वाक्यात सांग.
२. दोन्हींत फरक एकच ठेवलास का?
३. किती वेळा करून बघितलंस?
४. हा आकडा कुठे लिहून ठेवलायस? वही दाखव.
५. हे तू बघितलंस की कुठे वाचलंस?

पाचही प्रश्नांची उत्तरं लेकराने वही न बघता, आपल्या भाषेत दिली तर शाळेतही ते अडणार नाही. आणि आईला वाचता येत नसलं तरी हे पाच प्रश्न विचारता येतात.

एक काळजी. लेकरू गावात घरोघरी जाऊन माहिती घेणार असेल, तर आधी परवानगी घ्यायला शिकवा. निबंधात घराला क्रमांक द्यायचा, नाव लिहायचं नाही. कोणाचं कर्ज किती, हे आपण गटाबाहेर सांगत नाही, तसंच हे.

कुठे देता येतो, मदत कुठे मिळते

शाळेच्या प्रदर्शनानंतर तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर विज्ञान प्रदर्शनं होतात. किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी, १९९३ ला, राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या भागातल्या प्रश्नावर केलेले प्रकल्प त्यात घेतले जातात आणि अहवाल मराठीतही देता येतो. इन्स्पायर मानक योजनेत शाळा मुलांच्या नव्या कल्पना पाठवते. निवड झालेल्या मुलाला १०,००० रुपये मिळतात. दोन्हींसाठी शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना भेटा.

बियाण्याबद्दल विचारायला गावाचे सहायक कृषी अधिकारी आहेत. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णीला कृषी विज्ञान केंद्र आहे, लातूरलाही आहे. लेकराला सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या.

पुढच्या बैठकीसाठी

• गटातल्या किती जणींची लेकरं सहावी ते दहावीत आहेत? यादी करा.
• प्रत्येकीने आपल्या घरचा किंवा रानातला, मोजता येईल असा एक प्रश्न सांगा. सचिव ताईंनी तो वहीत लिहून घ्यावा.
• ज्यांच्याकडे घरचं सोयाबीन आहे, त्यांनी पेरणीआधी लेकराकडून १०० दाण्यांची तपासणी करून घ्या आणि आकडा बैठकीत सांगा. कमी आला तरी सांगा.

गावात दहा घरांनी खरे आकडे आणले, तर पेरणीआधीच कोणाचं बियाणं बदलायला हवं ते आपल्याला कळेल. लेकरांचा प्रकल्प होईल आणि आपलं दुबार पेरणीचं कर्ज कदाचित वाचेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक