तारेवाचून वीज

तापीच्या मुखाशी असलेल्या हजीऱ्याच्या वाटेवर कवासचे वीजकेंद्र लागते. तेथील उंच मनोरे व त्यांवरील तारा पाहून आमच्या मनात प्रश्न येतो, वीज तारेवाचून नेता येणार नाही काय?

वस्तुतः ती रोजच तशी जाते! सामान्य रोहित्रातील दोन वेटोळी एकमेकांस तारेने जोडलेली नसतात. पहिल्यातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व त्यायोगे दुसऱ्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ साली प्रयोगाने दाखविले. मात्र वेटोळी दूर नेली की क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. म्हणूनच मोबाईल भारित करण्यास तबकडीवरच ठेवावा लागतो.

दूरच्या पल्ल्यास सूक्ष्मतरंगांचा झोत योजतात. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे अशा झोताने सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक शक्ती पोहोचविण्यात आली. परंतु झोत वाटेत पसरतो, तो झेलण्यास विस्तीर्ण जाळे लागते आणि रूपांतरातही शक्ती वाया जाते.

तेव्हा या मनोऱ्यांजवळून जाताना आपण ध्यानात ठेवावे की, अडचण तारेवाचून वीज नेण्याची नाही, ती वाटेत सांडू न देण्याची आहे.