गेलं ते परत आलं का?

बाय, पुढच्या महिन्यापासून तू वायरमनच्या हाताखाली घरोघर जाणार. आयटीआयत शिकवलं ते डोक्यात ठेवच, पण बोर्ड उघडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारत जा: गेलं ते परत आलं का? फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर उरलेला भलत्याच वाटेने जमिनीत चालला आहे. ती वाट भिंतीतली ओल असेल, गीझरची टाकी असेल, नाहीतर कुणाचं अंग असेल. माझं अर्धं आयुष्य वसईतल्या वटार, नाळे, राजोडीच्या घरांत वायरिंग करण्यात गेलं आणि अर्धं अर्नाळ्याच्या बोटींवर बॅटऱ्या, दिवे आणि फिशफाइंडर बसवण्यात. दोन्हीकडे हाच प्रश्न कामी आला.

घरातलं आधी सांगतो. तिथे हा प्रश्न विचारणारं यंत्र म्हणजे आरसीसीबी, गळती दिसली की लाइन तोडणारा. लोक तुला म्हणतील, "आमच्याकडे एमसीबी आहेत, आता आरसीसीबीचा खर्च कशाला?" तेव्हा त्यांना आकडे सांग. ओल्या हाताने, अनवाणी पायाने माणूस फेजला चिकटला तर अंगातून साधारण २०० मिलिअँपिअर जाऊ शकतात, म्हणजे पाव अँपिअरही नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. आणि माणसाला किती करंट पुरतो? १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताची मूठ आवळली जाते आणि सोडू म्हटलं तरी सुटत नाही. ३० च्या वर गेला आणि क्षणभर जास्त टिकला की हृदयाचा ताल बिघडायची भीती. म्हणून घरात ३० मिलिअँपिअरचाच आरसीसीबी घ्यायचा. दुकानदार १०० किंवा ३०० चा देऊ लागला तर घेऊ नकोस. तो आगीपासून जपतो, जिवाला पुरत नाही.

आत काय असतं तेही समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा सारखा असेल तर दोघांचं चुंबकत्व एकमेकाला मारतं आणि कडं गप्प राहतं. फरक पडला की कड्यावरच्या बारीक गुंडाळीत करंट येतो आणि खटका पडतो. ही सोय घरांआधी खाणकामगारांसाठी झाली. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९५५ साली हेन्री रुबिन यांनी ती बसवली, तेव्हा ती ५२५ व्होल्टच्या लाइनवर २५० मिलिअँपिअरला तोडायची. मग स्टिलफाँटेन नावाच्या खाणवस्तीत एक बाई घरातच विजेच्या अपघातात गेली. तिच्यानंतर १९५७-५८ मध्ये तिथल्या घरांत २० मिलिअँपिअरला तोडणारी यंत्रं लागली. एक बाई गेल्यावर ही सोय घरात आली, हे मी कधी विसरत नाही. आपल्याकडे कुणी जायची वाट बघायची नाही.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो आरसीसीबी नुसता डबा आहे, त्याच दिवशी बदल. आपल्याकडे खारा वारा आहे, आतला खटका जाम होतो, म्हणून हे शहरापेक्षा इथे जास्त गरजेचं. प्रत्येक घरात कालनिर्णय असतंच. काम झाल्यावर त्यावर पुढच्या बारा महिन्यांच्या खुणा तूच करून ये आणि घरातल्या बाईला बटण दाबायला लाव. मात्र बटण दाबून खटका पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं समजू नकोस. बटण फक्त यंत्राची परीक्षा घेतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. आणि हेही घरच्यांना सांग, की एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर जाणारा-येणारा सारखाच राहतो. तिथे आरसीसीबी वाचवणार नाही.

तुला सगळ्यात जास्त ऐकू येईल ते वाक्य म्हणजे, "सारखा ट्रिप होतो, काढून टाका." काढायचा नाही. पैसे देणारा रागावला तरी नाही. तो ट्रिप होतो म्हणजे कुठेतरी गळती आहे आणि ती तू शोधायची आहेस. सगळे प्लग काढ, नुसती बटणं बंद करू नकोस, कारण बटण फक्त फेज तोडतं आणि गळती न्यूट्रलमधूनही होते. मग एकेक लाव. आपल्या भागात दोषी बहुतेक ठरलेले असतात: जुन्या गीझरचा एलिमेंट, पडवीतला बाहेरचा दिवा ज्याच्या होल्डरमध्ये मुंग्यांनी घर केलं, पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीतली जॉइंटपेटी. काहीच सापडलं नाही तर न्यूट्रल बघ. खोली वाढवताना आधीच्या वायरमनने एका लाइनचा फेज आणि दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल घेतलेला असतो. गेला एका वाटेने, आला दुसऱ्या; आरसीसीबीच्या कड्याला तो परत आलेला दिसतच नाही, म्हणून दिवा लावताच खटका पडतो. इन्व्हर्टर बसवताना हा घोळ हमखास होतो.

आता बावखलावरची, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरची मोटार. ही गोष्ट तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणून नीट ऐक. पूर्वी बावखलावर रहाट होते, आता मोटारी आहेत. वाडीतली मोटार कशी असते ते तू बघितलंस: केळीच्या खाली, शेवाळलेल्या दगडावर, वायर पाटाच्या पाण्यातून आलेली आणि मध्ये एक जोड, त्याला टेप आणि वर दुधाची पिशवी गुंडाळलेली. ती पिशवी सोडून बघ. आत पाणी असतं, टेपचा डिंक सुटलेला असतो आणि तांबं हिरवं पडलेलं असतं. पिशवीने पाणी बाहेर राहत नाही, आत गेलेलं अडकतं. तिथे जोड ठेवायचाच नाही, स्टार्टरपासून मोटारीपर्यंत अखंड केबल टाकायची. अगदीच जमलं नाही तर जोड पाटापासून दूर, उंच खांबावर, बंद पेटीत. स्टार्टरही वरच, आणि तो चालू-बंद करताना पायाखाली कोरडी फळी हवी. मोटारीला स्वतःचा आरसीसीबी दे, तीन फेजची असेल तर चार पोलचा. आणि मोटार चालू असताना कुणी बावखलात उतरायचं नाही, कचरा अडकला असला तरी. आधी मेन बंद, मग पाय पाण्यात. वाडीत काम करणाऱ्या बाया-माणसांना हे तूच सांग. मालक सांगेल असं धरून चालू नकोस.

अर्थिंगचं आपल्याकडे वेगळं दुखणं आहे. आपली जमीन रेताड. पावसात ती करंट छान ओढून घेते, एप्रिल-मेमध्ये वरची रेती सुकते आणि अर्थिंग मुकं होतं. म्हणून पाइप कमीतकमी अडीच मीटर खोल गेला पाहिजे, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला तोंड. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं. समुद्र जवळ असल्याने लोखंडी पाइप लवकर खाल्ला जातो, वरच्या नटबोल्टला गंज चढतो आणि तार नुसती टेकून राहते. ती दरवर्षी सोडून, घासून, ग्रीस लावून परत आवळायची. तपासायला टेस्ट लॅम्प लाव, फेज आणि अर्थिंगमध्ये. दिवा मिणमिणला तर अर्थिंग गेलं. लख्ख लागला तरी उत्तमच आहे असं नाही. खात्रीला अर्थ टेस्टर हवा. आरसीसीबी असेल तर दिवा लावताच खटका पडेल, तो शुभ समज. आणि म्हणूनच रेताड जमिनीत आरसीसीबी जास्त मोलाचा: अर्थिंगचा रोध १०० ओहमपर्यंत चढला तरी गळती दोन अँपिअरच्या वर जाते, एमसीबी झोपलेला राहतो आणि आरसीसीबी मात्र तोडतो. टेस्टर-स्क्रूड्रायव्हरवर जीव टाकू नकोस. तो फेज दाखवतो, तुटलेला न्यूट्रल दाखवत नाही.

आता बोटीकडे चल, आधी फिशफाइंडरची गोष्ट. जपानात नागासाकीजवळच्या कुचिनोत्सु गावात फुरुनो नावाचे भाऊ बोटींचं वीजकाम करायचे, आपल्यासारखेच. एका जुन्या मच्छीमाराने कियोताका फुरुनोला सांगितलं, की जिथे मासा असतो तिथून बुडबुडे वर येतात. मग बुडबुडे पाण्यातच शोधले तर, असं त्याच्या मनात आलं. युद्धात वापरलेला खोली मोजायचा जुना संच घेऊन दोघे मागे लागले आणि १९४८ साली जगातला पहिला फिशफाइंडर त्यांनी बाजारात आणला. खोली मोजायची युक्ती त्याआधीची. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये हिमनगावरून आवाज परत मिळवून दाखवला. पुढे पहिल्या महायुद्धात लांजेवाँ यांनी पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झचा स्फटिक वापरला. २०२५ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेली आयएनएस अर्नाळा, आपल्या किल्ल्याच्या नावाची, उथळ पाण्यात पाणबुडी शोधण्याचंच काम करते. अर्नाळ्याच्या बंदरावर ती बातमी ऐकली तेव्हा मला फार अभिमान वाटला.

फिशफाइंडरही तोच प्रश्न विचारतो. आवाज खाली गेला, परत आला का, किती वेळाने आणि किती जोरात? समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ३० मीटर खोल तळाला लागून परत यायला त्याला ४० मिलिसेकंद लागतात. मोठी गळती असेल तर चांगल्या आरसीसीबीने तोडायचं तेही ४० मिलिसेकंदांच्या आत. हे दोन आकडे एकदा शेजारी लिहून ठेव, दोन्ही यंत्रं किती चपळ असावी लागतात ते कळेल.

पडद्यावर जे दिसतं ते बहुतेक माशाचं मांस नसतं, त्याच्या पोटातल्या हवेची पिशवी असते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून आवाज जोरात परततो. घोळीचा बोत म्हणतात तोच हा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्या एका बोटीला १५७ घोळी मिळाल्या आणि सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, ते या बोतापायीच. घोळ पडद्यावर ठळक दिसते. बोंबलाला मात्र ही पिशवीच नाही आणि अंगही पाण्यासारखं, त्यामुळे त्याचा आवाज क्षीण परततो. मुशीचंही तसंच, तिलाही पिशवी नाही. म्हणून पडदा कोरा दिसला म्हणजे खाली काही नाही असं तांडेलाला कधी सांगू नकोस. डोलीवाले भरती-ओहोटी आणि पाण्याचा रंग बघून जाळं लावतात. त्यांच्या डोळ्याला यंत्राने मदत करायची, त्याची जागा घ्यायची नाही.

बसवताना लक्षात ठेव. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर हवा, पंख्याचे बुडबुडे त्याला मासेच वाटतात. त्याच्या तोंडावर बोटीचा नेहमीचा जाड रंग चढू देऊ नकोस, आणि कालवं चिकटली तर लोखंडी पातं न लावता लाकडाच्या पट्टीने हलके काढ. केबल लांब झाली म्हणून कापायची नाही. वायरलेसच्या केबलसोबत बांधायचीही नाही, पडद्यावर पाऊस पडतो. उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झ ठेव, बारीक दिसतं. खोलात ५० वर जा.

बोटीवर १२ किंवा २४ व्होल्ट असतात, शॉक लागत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. तिथे भीती आगीची. फ्यूज बॅटरीच्या शेजारीच बसव, पडद्याजवळ नको. वायर कथिलाचा थर दिलेली घे, साधं तांबं एका हंगामात हिरवं होतं. आणि परतीची वायर प्रत्येक उपकरणाला वेगळी ओढ. इंजिनाच्या बॉडीवरून परत आणली तर करंट खाऱ्या पाण्यातून वाट काढतो आणि पंखा, शाफ्ट, सुकाणू खाऊन टाकतो. खारं पाणी एरवीही धातू खातं, त्यासाठी जस्ताचा तुकडा लावतात. ही युक्ती १८२४ सालापासूनची, हंफ्री डेव्ही यांची. तो तुकडा झिजायलाच लावलेला असतो, पण रंगारी त्यावरही ब्रश फिरवतात आणि मग पंखा झिजतो. पावसाळ्यात बोटी शाकारलेल्या असतात, ओल्या रेतीवर उभं राहून लोक घरून वायर ओढून ग्राइंडर चालवतात. तेव्हा आरसीसीबी असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेल्याशिवाय तू हात लावायचा नाहीस.

पाणी भरण्याचंही सांगून ठेवतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरारला पाणी साचलं तेव्हाचं तुला आठवत असेल. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन बंद करायचा. प्लगपर्यंत चढलं असेल तर पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही, १९१२ वर महावितरणला कळवायचं. ओसरल्यावर लगेच चालू करायची घाई करू देऊ नकोस. बोर्ड उघड, गोड्या पाण्याने धूळ-चिखल काढ, सुकव, मेगर लाव, मगच एकेक लाइन सोड. भिजलेला आरसीसीबी किंवा एमसीबी सुकवून परत वापरायचा नाही, नवाच लावायचा.

आणि कुणी चिकटलेला दिसला तर धावत जाऊन हात धरू नकोस. आधी मेन. मेन लांब असेल तर कोरडी काठी किंवा कोरडा पाट घेऊन त्याला वायरपासून ढकल, तेही कोरड्या जागी उभी राहून. सुटल्यावर हाक मार, श्वास बघ. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांग आणि तू छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलीस तर दुसऱ्याने लागायचं.