झीज मोजणारे यंत्र
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीनंतर माझ्या आत्याचा उजवा खुबा बदलावा लागला. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून तिला पाऊल टाकणे अशक्य झाले होते. तिचा सारा जन्म इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कांड्या भरण्यात गेला. डॉक्टरांनी सांगितले, "कृत्रिम सांधा बसवू. पंधरा-वीस वर्षे काळजी नाही." माझे वडील मागवाले. मागावरचा पिकर झिजत आला की आवाजावरून ओळखणारे. त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, वीस वर्षं कुणी चालून बघितलंय का आधी?" डॉक्टर हसले व म्हणाले, "त्यासाठी यंत्रं असतात." घरी आल्यावर वडील मला म्हणाले, "तू कॉलेजात जातोस. ती यंत्रं कसली असतात, बघून सांग."

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. वाचून जे समजले ते प्रथम वडिलांना सांगितले आणि आता वाचकांपुढे ठेवीत आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. कृत्रिम सांध्यातही एक गोळा आणि एक वाटी असते. साध्या चालण्यात या सांध्यावर माणसाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि वर्षाकाठी अशी लाखो पावले पडतात. तेव्हा वाटी झिजणार हे उघड आहे. किती झिजेल, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आधी न सुटल्यामुळे काय घडले, याची कथा इंग्लंडमधील आहे. लँकेशायर परगण्यातील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली हे शल्यविशारद काम करीत. आज केल्या जाणाऱ्या खुबाबदल शस्त्रक्रियेचा पाया त्यांनीच घातला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पोलादी गोळा आणि टेफ्लॉनची वाटी वापरण्यास सुरुवात केली. टेफ्लॉन अत्यंत गुळगुळीत असल्याने रुग्ण वेदनेवाचून चालू लागले. सुमारे तीनशे रुग्णांना असे सांधे बसवले गेले. परंतु दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजू लागल्या. झिजून निघालेल्या भुकटीने भोवतालच्या पेशी बिघडल्या आणि वेदना परतल्या. टेफ्लॉन गुळगुळीत आहे हे आधी कळले होते, पण भाराखाली ते किती झिजते हे रुग्णांच्या शरीरातच कळले. ते सांधे काढण्याचे दुःखद काम चार्नली यांना करावे लागले.

त्यांच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा एक तरुण तंत्रज्ञ होता. निरनिराळे पदार्थ भाराखाली घासून त्यांची झीज मोजणारे यंत्र त्याने तयार केले होते. १९६२ मध्ये एक विक्रेता तेथे आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाके तो विकत असे. त्याने पॉलिएथिलीनच्या एका जातीचा तुकडा दाखवला. चार्नली यांना तो काही कामाचा वाटला नाही. परंतु ते परदेशी गेले असताना क्रेव्हनने तो तुकडा यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चालले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढाही तो झिजला नाही. तरीही चार्नली यांनी घाई केली नाही. दोन्ही पदार्थांचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि शरीर त्यांना कसे स्वीकारते ते पाहिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून पॉलिएथिलीनच्या वाट्या वापरात आल्या. त्याच पदार्थाची सुधारलेली रूपे आजही वापरली जातात. मागाच्या चाकाचा पदार्थ माणसाच्या खुब्यात गेला, हे ऐकून वडिलांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

आजची यंत्रे अर्थातच पुष्कळ पुढे गेली आहेत. त्यांत खरा गोळा व खरी वाटी बसवतात. यंत्र गोळ्याला पुढे-मागे, आत-बाहेर आणि स्वतःभोवती असे तिन्ही प्रकारे हलवते. प्रत्येक आवर्तनात भार कमीजास्त होत सुमारे तीनशे किलो वजनाइतका चढतो. वेग सेकंदाला एक आवर्तन. दहा लाख आवर्तने म्हणजे ढोबळमानाने एका वर्षाचे चालणे, असे मानतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पन्नास लाख आवर्तने करावी लागतात. म्हणजे रात्रंदिवस चालवले तरी यंत्राला जवळजवळ दोन महिने लागतात. मधूनमधून यंत्र थांबवून वाटी स्वच्छ करतात व तोलतात. जितके वजन घटले तितकी झीज. पण प्लॅस्टिक द्रव शोषून जडही होते. म्हणून आणखी एक वाटी न घासता त्याच द्रवात भाराखाली ठेवतात आणि तिचे वाढलेले वजन हिशेबात धरतात.

हा द्रव पाणी नसतो. वासराच्या रक्तातील पातळ केलेला रक्तद्रव शरीराइतक्या उष्णतेला ठेवून वापरतात. नुसत्या पाण्यात प्लॅस्टिकचा पातळ थर गोळ्याला चिकटतो, तसा तो शरीरात चिकटत नाही, आणि मग झिजेचे उत्तर चुकते. हालचालीचेही तसेच आहे. पॉलिएथिलीन एकाच दिशेने घासले तर त्याचे धागे त्या दिशेला लागतात आणि झीज फार थोडी दिसते. परंतु माणसाच्या चालण्यात घासण्याची दिशा सतत बदलते. नुसता ताणा असून बाणा नसेल तर धागे जसे सुटे होतात, तसे ते आडव्या घासण्याने निघून येतात. एका रेषेत घासणाऱ्या यंत्रांनी म्हणूनच फसवे आकडे दिले होते. १९९० च्या दशकात ही गोष्ट स्पष्ट झाली.

तरीही यंत्राला जे विचारावे तेवढेच ते सांगते. गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे असलेले काही सांधे यंत्रावर उत्तम ठरले होते, कारण तेथे वाटी अगदी योग्य कोनात बसवलेली असे. शरीरात ती थोडी उभी बसली की भार कडेवर येई, धातू झिजे आणि रक्तात उतरे. डीप्यू कंपनीने आपला असा एक सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला. भारतातही तो अनेकांना बसवलेला होता. पुढे २०१८ मध्ये वाटी मुद्दाम वाकडी बसवून घेण्याच्या चाचणीचेही मानक तयार झाले. रुग्णांनी सोसले ते यंत्राला नंतर शिकवले गेले, असे म्हणावे लागते.

हे सारे वडिलांना सांगितले तेव्हा आत्याही ऐकत होती. तिने विचारले, "ते यंत्र मांडी घालून बसतं का रे?" मी पुन्हा वाचून पाहिले. मुख्य चाचणी सपाट जमिनीवरच्या चालण्याची आहे. मांडी, उकिडवे बसणे तिच्यात नाही. आत्याला तर डॉक्टरांनी सांधा निखळण्याच्या भीतीने खाली बसण्यास मनाईच केली आहे. ती आता खुर्चीवर बसून कांड्या भरते, पण पंगतीला सर्वांबरोबर बसता येत नाही याची खंत तिला आहे.

विज्ञानाचे प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीच विचारावेत, असे मला पूर्वी वाटे. परंतु क्रेव्हन शल्यविशारद नव्हता, वडिलांनी शाळा चौथीत सोडली आणि आत्या तर शाळेत गेलीच नाही. टिकेल का, आणि आमच्या राहणीत टिकेल का, हे विचारण्याचा अधिकार ज्याच्या शरीरात तो सांधा जाणार त्याला सर्वांत आधी आहे. आपल्या वर्गांतून उद्या कोणी अभियंता नाही झाला तरी चालेल. घरातला असा प्रश्न योग्य ठिकाणी पोहोचवणारे आणि त्याचे उत्तर घरच्या भाषेत परत आणणारे आपण होऊ शकलो, तर पालकांनी भरलेली फी वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.