अपघाताची नोंद

विद्यार्थी मित्रांनो, भिवंडी आणि मालेगाव ही गावे तुम्हांला माहीत असतील. तेथे यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. तुमच्यापैकी काहींचे अब्बू किंवा भाईजान अशाच एखाद्या कारखान्यात कामाला जात असतील. सकाळी ते घरातून निघतात, तेव्हा अम्मी 'खुदा हाफिज' म्हणते. यंत्रावर काम करणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी यावा, एवढीच तिची इच्छा असते.

पण समजा, एके दिवशी तुमच्या भाईजानचा अंगठा यंत्राच्या पट्ट्यात सापडला. रक्त वाहू लागले. मालक धावत आला. त्याने फडके बांधले, हातात पाचशे रुपये ठेवले आणि म्हणाला, "घरी जा, आराम कर. लिहिण्या-बिहिण्याची काही गरज नाही." अशा वेळी भाईजानने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला ठाऊक असले पाहिजे, कारण त्यावर साऱ्या घराची रोटी अवलंबून आहे.

उर्दूत आपण ज्याला 'बीमा' म्हणतो, त्यालाच मराठीत 'विमा' म्हणतात. विमा म्हणजे संकटासाठी सर्वांनी मिळून केलेली तरतूद. थेंबे थेंबे तळे साचे, या म्हणीप्रमाणे अनेक जण थोडी थोडी वर्गणी देतात. ज्याच्यावर संकट येते, त्याला त्या साठ्यातून मदत मिळते. म्हणून ती भीक नसते. तो त्याचा हक्क असतो.

पूर्वी आपल्या देशात असा आधार नव्हता. कामगार जखमी झाला, तर मालकाची चूक होती हे त्यालाच कोर्टात सिद्ध करावे लागे. गरीब माणसाला ते कसे जमणार? म्हणून १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. काम करताना, कामामुळे अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यावी, असे या कायद्याने ठरले. मालकाची चूक दाखवण्याची गरज उरली नाही.

तरीही एक अडचण राहिली. मालकाजवळ पैसेच नसतील, किंवा त्याने टाळाटाळ केली तर? यावर उपाय सुचवण्याचे काम सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपवले. त्यांनी १९४४ साली आपला अहवाल दिला. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. कानपूरच्या समारंभाला पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू आले होते. आता हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र केले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

ही योजना कशी चालते, ते एका हिशेबाने पाहू. दहा किंवा त्यांहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ती लागू होते. ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, तो कामगार तिच्यात येतो. भाईजानचा पगार १२,००० रुपये आहे असे धरा. त्याच्या पगारातून शेकडा पाऊण, म्हणजे ९० रुपये कापले जातात. मालक स्वतःच्या खिशातून शेकडा सव्वातीन, म्हणजे ३९० रुपये भरतो.

आता अपघात झाला. विम्याच्या दवाखान्यात भाईजानवर मोफत उपचार होतात. जखम बरी होईपर्यंत रोजच्या मजुरीच्या शेकडा ९० एवढी रक्कम मिळते. मजुरी ४०० रुपये असेल, तर रोज ३६० रुपये मिळतील. अट एवढीच, की अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद राहिले पाहिजे. साध्या आजारपणाच्या भत्त्यासाठी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. अपघाताला ती अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी दुखापत झाली, तरी हक्क मिळतो.

अंगठा कायमचा गेला, तर काय? कायद्याच्या यादीत एका अंगठ्याची हानी म्हणजे कमाईच्या शक्तीत शेकडा ३० घट मानली आहे. म्हणून ३६० रुपयांच्या शेकडा ३०, म्हणजे रोज १०८ रुपये, भाईजानला आयुष्यभर मिळत राहतील. अपघातात कामगाराचा मृत्यू झाला, तर त्याच्या पत्नीला आणि मुलांना अशीच मदत मिळते. कारखाना लहान असल्यामुळे ही योजना लागू नसेल, तरी घाबरू नका. तेथे भरपाईची जबाबदारी मालकावर असते.

आता त्या पाचशे रुपयांकडे परत वळू. एका बाजूला पाचशे रुपये आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभराचा आधार! मात्र हा आधार मिळण्यासाठी अपघाताची नोंद हवी. जखमी माणसाने, किंवा त्याच्या वतीने सोबत्याने, मालकाला ताबडतोब कळवावे. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत तारीख, वेळ, जागा आणि दुखापत लिहिली गेली आहे, हे पाहावे. डॉक्टरांना 'पडलो' असे खोटे सांगू नये. 'यंत्रावर काम करताना लागले' असे खरे सांगावे. दवाखान्याचे सर्व कागद जपून ठेवावेत.

मित्रांनो, कोणतीही रक्कम तुटलेला अंगठा परत आणू शकत नाही. म्हणून यंत्राची जाळी काढू नये आणि चालू यंत्रात हात घालू नये, हेच पहिले शहाणपण. पण संकट आलेच, तर घरात वाचता-लिहिता येणारे कदाचित तुम्हीच असाल. आज घरी गेल्यावर अब्बूंना विचारा, "तुमचे विम्याचे कार्ड कोठे आहे?" ते पेटीच्या तळाशी असेल, तर वर काढून ठेवा.

शब्दार्थ
तरतूद – आधी करून ठेवलेली सोय
वर्गणी – चंदा
टाळाटाळ करणे – बहाणे सांगून काम पुढे ढकलणे
ताबडतोब – फौरन, लगेच
हानी – नुकसान

स्वाध्याय
१. विमा म्हणजे काय, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. मालकाने दिलेले पाचशे रुपये घेऊन गप्प बसणे चूक का आहे?
३. रोजची मजुरी ५०० रुपये असेल, तर जखम बरी होईपर्यंत रोज किती रक्कम मिळेल?
४. 'थेंबे थेंबे तळे साचे' या अर्थाची उर्दू म्हण सांगा.