लग्न झालंय ना, मग?

नगरला नागापूरच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मला बायका आवडतात आणि पुरुषही. बायकोला हे लग्नाआधीच सांगितलं होतं. आधीच्या कंपनीत मात्र ते फुटलं. तिथून पुढचे हे धडे.

१. सुरुवात शंकेनं होते. एक म्हणतो, 'लग्न झालंय ना, मग हे कसलं नाटक?' दुसरा म्हणतो, 'दोन डगरींवर पाय आहेत याचे.' आम्हा उभयलैंगिकांचं बायकांशी बोलणंही संशयाचं आणि पुरुषांशी बोलणंही. माझ्या शेजारी डबा खाणाऱ्याला इतकं चिडवलं की तो दुसऱ्या टेबलावर गेला. नाइट शिफ्टचा जोडीदार बदलला. कारण विचारलं तर म्हणे 'अ‍ॅडजस्टमेंट'.

२. इथं कुजबुज गेटवर थांबत नाही. शिफ्टच्या बसनं ती विळद, देहरे, राहुरीला उतरते आणि पाहुण्यारावळ्यांत शिरते. 'बिनधास्त सांगून टाक' हा पुण्या-मुंबईचा सल्ला मी म्हणूनच कुणाला देत नाही. कुणाला, कधी सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

३. कायदा अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. लैंगिक कलावरून भेदभाव घटनेत बसत नाही, हेही न्यायालयानं सांगितलं. पण ते बंधन मुख्यतः सरकारवर. २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींना खासगी नोकरीतही संरक्षण देतो, त्यात आम्ही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागते, पण तक्रार फक्त स्त्रीची. एखाद्या सहकारी बाईला कुणी 'तुला काय, कुणीही चालतं' म्हणालं, तर तिनं तिथं जरूर जावं. मला ते दार बंद आहे.

४. मग उरतो कागद. तारीख, वेळ, नेमके शब्द, ऐकणारे कोण. माझ्या अर्जात मी कोण आहे याची ओळही नव्हती. अश्लील शेरे आणि विनाकारण बदललेला शिफ्टचा जोडीदार, एवढंच होतं. समोरच्याचं गैरवर्तन दाखवायला आपलं खासगी आयुष्य टेबलावर मांडावं लागत नाही. 'पण हे तुलाच का बोलतात?' असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ते त्यांनाच विचारा. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घेतली.

५. पण नुसता कागद पुरत नाही. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते समलिंगी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं गेलं आणि निलंबित झाले तेच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. मधल्या त्या दिवसांत विभागातलं कोण त्यांच्याबरोबर चहाला बसलं असेल, हा प्रश्न मला कोर्टाच्या आदेशाहून मोठा वाटतो.

६. मनातलं बोलायला कारखान्याबाहेरचं माणूस हवं. बिंदुमाधव खिऱ्यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला तो आमच्यासारख्यांसाठीच.

७. नव्या कंपनीतले आमचे सुपरवायझर अण्णा माझ्या बाजूनं कधी भाषण करत नाहीत. कॅन्टीनमध्ये कुणी तसला विनोद काढला की ते विचारतात, 'तुझ्या लाइनला आज रिजेक्शन किती?' विषय तिथंच मरतो. नियमपुस्तिकेत जात, धर्म, लिंग यांच्या पुढे 'लैंगिक कल' घाला, असं मी लेखी सुचवलंय. फाइल हेड ऑफिसला गेली आहे. अण्णा दर सोमवारी एचआरला विचारतात, आली का?