पवित्रा आणि कुडा-कुडा

परिभाषा म्हणजे त्या त्या विद्येतील अनुभवाची साठवण होय. युद्धकलेत तर शब्द कानी पडताच शरीराने उत्तर द्यावयाचे असते. तेथे अर्थ न कळता केलेले पाठांतर उपयोगी पडत नाही. गोव्यात २०२३ साली झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत ‘पेन्चाक सिलाट’ या इंडोनेशियन युद्धकलेचा प्रथमच समावेश झाला. तिच्याबरोबर तिची परिभाषाही आपल्या आखाड्यात आली आहे. तिचा थोडक्यात परिचय करून घेऊ.

प्रथम नाव. ‘पेन्चाक’ हा शब्द जावा बेटात, तर ‘सिलाट’ पश्चिम सुमात्रात अधिक रूढ. १९४८ मध्ये सुराकार्ता येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिने दोन्ही शब्द जोडून घेतले. नवस्वतंत्र राष्ट्राच्या ऐक्याची खूणच ती!

आता पवित्रे. ‘कुडा’ म्हणजे घोडा. पाय फाकवून, गुडघे वाकवून घेतलेला पवित्रा म्हणजे ‘कुडा-कुडा’. लाकूड ठेवण्याच्या सुतारी घोड्यालाही तिकडे हाच शब्द आहे. हा अर्थ ध्यानात घेतला की भार दोन्ही पायांवर का पेलावयाचा, हे निराळे सांगावे लागत नाही. ‘लांगकाह’ म्हणजे पाऊल. ‘जुरूस’ म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका. स्पर्धेत ‘तांडिंग’ म्हणजे लढत, ‘तुंग्गल’ एकट्याचे, ‘गांडा’ जोडीचे आणि ‘रेगू’ तिघांचे प्रदर्शन. शिकविणारा मात्र तिकडेही ‘गुरू’च!

येथे आपल्या शब्दांची आठवण होणे साहजिक आहे. पवित्रा, पेच, डाव, शड्डू हे सारे आखाड्यातले शब्द. आज पुढारी ‘पवित्रा’ घेतात, वाद ‘पेचात’ सापडतात. पण पट्टा फिरविताना पवित्रा कसा घ्यावा, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? आपल्याजवळच्या अमरावतीच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मुजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. शब्द कोशात सुरक्षित आहेत. शरीरातून मात्र ते निसटत चालले आहेत.

सारांश, स्पर्धेत मूळ इंडोनेशियन संज्ञाच वापराव्यात, कारण पंच आणि प्रतिस्पर्धी यांना त्याच कळतात. शिकविताना मात्र प्रत्येक संज्ञेशेजारी तिचा मराठी अर्थ ठेवावा. ‘कुडा-कुडा’ शिकणाऱ्याला ‘पवित्रा’ही नव्याने कळला, तर एका परक्या विद्येने आपलीच ठेव आपल्याला परत दिली, असे होईल.