लेबलावरचा आकडा आणि लाकडावरचा शिक्का

मार्केट यार्डात माझा भुसार मालाचा गाळा आहे. गिटारचा नाद कॉलेजपासूनचा. पुढे तो वाजवण्याकडून जमवण्याकडे सरकला. त्यापायी पैसे गेले आणि थोडं शहाणपणही आलं. हल्ली पुण्यातल्या बऱ्याच तरुण मुलांना मोजक्याच बनलेल्या, नंबर घातलेल्या अकूस्टिक गिटारींचं वेड लागलेलं दिसतं. हाताशी पगार असतो, अमेरिकेहून येणारा एखादा मित्र असतो आणि समोर ‘लिमिटेड एडिशन’ असं लेबल असतं. एवढ्यावर लाखाचा व्यवहार ठरतो. तो ठरण्याआधी हे वाचा.

एका गृहस्थांनी अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीची, गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाची १९९५ सालची लिमिटेड एडिशन विकायला काढली होती. मॉडेल ०००-४२ईसी, जगात एकूण ४६१ नग. मोबाइलवर आलेले फोटो अंधारातले होते, पण भोकातून दिसणारं सही-नंबरचं लेबल मात्र स्पष्ट टिपलेलं. भाव बाजारापेक्षा बराच खाली. ‘अजून दोघं मागे लागलेत, तुमच्यासाठी थांबलोय,’ असं म्हणाले. मी ₹२५,००० इसार दिला. इसाराशिवाय शब्दाला वजन नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाकीचे पैसे माल हातात आल्यावर द्यायचे ठरले.

गिटार गाळ्यावर आली ती भर गर्दीत. बाहेर टेंपो रिकामा होत होता, हमालांची ये-जा चालू होती. गादीवर केस ठेवून उघडली आणि पहिल्यांदा काठ खटकला. ४२ मालिकेच्या गिटारीला वरच्या फळीच्या कडेने शिंपल्याचा चमकता पट्टा बसवलेला असतो. फ्रेटबोर्डचं टोक जिथे फळीवर उतरतं, तिथेही तो वळसा घालून जातो. इथे होती हेरिंगबोन, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांची काळी-पांढरी तिरपी नक्षी. ती २८ मालिकेची खूण. मग तारा सैल केल्या, भोकातून मोबाइलचा उजेड आत सोडला आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा तिरका धरला. नेक जिथे खोक्याला जोडलेली असते, तिथल्या आतल्या ठोकळ्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लाकडात दाबून उमटवलेले असतात. तिथे ०००-२८ईसी असं लिहिलं होतं आणि खालचा आकडा तेरा लाखांच्या घरातला होता.

मार्टिनचा दहा लाखावा अनुक्रमांक २००४ साली पडला, वीस लाखावा २०१७ साली. म्हणजे १९९५ ची म्हणून आलेली ही गिटार २००४ नंतरची निघाली, तीही नेहमीच्या उत्पादनातली. लेबल कुणीतरी सुबक छापून चिकटवलेलं होतं.

गिटार खोटी नव्हती. मार्टिनच होती, वाजायलाही गोड होती. खोटं होतं ते तिचं कुळ. गृहस्थ म्हणाले, ‘मलाही असंच सांगून दिली होती.’ असेलही. सौदा मोडला, इसार मात्र परत आला नाही. लिखापढी नसल्याने तक्रार करायला कागद नव्हता.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. लेबलाचा फोटो पाठवणाऱ्याला सांगायचं, ‘आतल्या ठोकळ्याचा पाठवा.’ गव्हाच्या पोत्यात नळी खुपसून मधला दाणा हातावर घेतल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही, तसंच हे. मार्टिनच्या कोणत्या अनुक्रमांकाला कोणतं साल, याची यादी कंपनीनेच जाहीर केलेली आहे. १९३० च्या अखेरीपासून मॉडेलचं नावही ठोकळ्यावर येतं. कागदाचं लेबल कुठल्याही छापखान्यात निघतं. लाकडात दाबलेला शिक्का खोडून नवा उमटवायला गेलं, तर खरवडल्याची खूण आरशात दिसते. विकणारा फोटो द्यायला कां-कूं करत असेल तर इसाराची गोष्टच काढू नये. दिलाच, तर मॉडेल, अनुक्रमांक आणि ‘वर्णनाप्रमाणे नसल्यास इसार परत’ हे वाक्य लिहून त्याखाली सही घ्यावी.

आता त्या ४६१ आकड्याविषयी. ‘४६१ ओशन बुलेवार्ड’ हा क्लॅप्टनचा १९७४ सालचा अल्बम, आणि तो फ्लोरिडातल्या एका घराचा पत्ता. गिटारी किती बनवायच्या हे त्या पत्त्यावरून ठरलं. लाकूड तेवढंच शिल्लक होतं असं काही नव्हतं. चाहत्याला गंमत वाटावी, एवढाच हेतू. गंमत आहेच, गिटारही उत्तम आहे. पण आपण ज्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो तो कुठून आला, हे घेणाऱ्याने विचारायला हवं. मी तर आधी तेच विचारतो.

कारण काही आकडे कुणी ठरवलेले नसतात, ते घडून जातात. मार्टिनचीच डी-४५ घ्या. १९३३ साली गायक-नट जीन ऑट्री याच्यासाठी पहिली बनली आणि १९४२ पर्यंत सगळ्या मिळून ९१ झाल्या. ‘फक्त ९१’ अशी जाहिरात तेव्हा कुणी केली नव्हती. मंदीचे दिवस होते, एवढी महागडी गिटार घेणारं गिऱ्हाईक नव्हतं, मग महायुद्ध आलं आणि काम थांबलं. मागची-बाजूची फळी ब्राझीलच्या रोजवुडची, वरची स्प्रूसची, सगळीकडे शिंपल्याची जडण. तेव्हा फारशा न खपलेल्या त्या गिटारी आज संग्राहकांच्या यादीत अगदी वर असतात.

आणि काही आकडे झाडच ठरवतं. मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला सेंट जॉन्स कॉलेजच्या आवारात ट्यूलिप पॉप्लरचा एक प्रचंड जुना वृक्ष होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळापासून त्याला ‘लिबर्टी ट्री’ म्हणत. १९९९ च्या फ्लॉइड वादळात तो इतका खिळखिळा झाला की पाडावा लागला. टेलर कंपनीने त्याच्या लाकडातून २००२ साली ४०० गिटारी काढल्या. पाचशेवी काढायची म्हटलं तर आता झाड कुठून आणणार? असा आकडा मला पटतो.

याच टेलरने १९९५ साली उलटा खेळ केला, आणि लाकडाचा व्यवहार करणारा कुणीही त्यावर खूश होईल. कंपनीचा सहसंस्थापक बॉब टेलर याने माल वाहायच्या मोडक्या लाकडी पॅलेटच्या फळ्या घेऊन गिटार बनवली. मागची-बाजूची फळी पॅलेटच्या ओकची, वरची भंगारातल्या पट्ट्या जोडून केलेली. खिळ्यांची भोकं बुजवली नाहीत, उलट ती उठून दिसतील अशी सजवली, आणि फ्रेटबोर्डवर शिंपल्यात चक्क एक फोर्कलिफ्ट जडवली. गिटार व्यवस्थित वाजली. चांगला नाद दुर्मिळ लाकडातूनच येतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना तिने गप्प केलं. पुढे त्या पॅलेट गिटारचीही लिमिटेड एडिशन निघाली, हा भाग वेगळा. आमच्या फळबाजाराबाहेर खोक्यांच्या फळ्यांचा ढीग दिसला की मला हटकून तीच आठवते.

तरीही लाकूड बघायचंच असतं, ते नादापेक्षा कायद्यासाठी. ब्राझीलचं रोजवुड १९९२ पासून, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. योग्य कागदांशिवाय ते लाकूड किंवा त्याची गिटार सीमा ओलांडू शकत नाही. ब्राझीलने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर १९६९-७० च्या सुमारास मार्टिन भारतीय रोजवुडकडे वळली. भारतीय रोजवुड म्हणजे आपला शिसव. आजोळच्या ज्या कपाटाला आपण शिसवी म्हणून जपतो, त्याच जातीचं लाकूड सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलांतून मार्टिनच्या पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात जातं आणि गिटार होऊन डॉलरच्या भावात परत येतं. २०१७ च्या जानेवारीत शिसवासकट रोजवुडच्या वंशातली बाकीची सगळी झाडं दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि जगभर वाद्यांची वाहतूक अडली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझीलच्या रोजवुडला नाही.

म्हणून परदेशातून कुणाकरवी जुनी गिटार आणवायची असेल तर लाकूड कोणतं, हे लिहून घ्या. ‘ब्राझिलियन’ असेल तर सायटीसचे कागद आधी, विमानाचं तिकीट नंतर. मित्राला विमानतळावर अडकवून मैत्री टिकत नाही. महायुद्धाआधीच्या बऱ्याच गिटारींच्या नट आणि सॅडलला, म्हणजे तारा टेकतात त्या दोन पट्ट्यांना, हस्तिदंत असतो. आपल्याकडे त्याच्या व्यापारावर बंदी आहे, हेही विसरू नये. आणि ‘ब्राझिलियन दिसतंय’ यावर कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. नुसत्या नजरेने ते ओळखताना जाणकारही चुकतात.

आता पुण्याच्या हवेकडे. अख्ख्या लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती २५ च्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर चढते. वरच्या फळीची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. तिने हे सोसावं कसं? माझ्या एका गिटारीला एप्रिलच्या शेवटी ब्रिजच्या मागे केसाएवढी चीर गेली. खोलीत रात्रभर एसी चालू असायचा आणि गिटार भिंतीवर टांगलेली. चीर पडण्याआधी ती सांगत होती, पण ते ऐकायला येणं म्हणजे अनुभव. नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचायला लागली होती, कारण लाकूड आकसलं होतं, धातू नाही. वरची फळी किंचित आत बसली होती, तारा खाली येऊन फ्रेटवर खडखडत होत्या. कारागिराने चीर सरसाने बंद करून आतून लाकडाच्या छोट्या चकत्या चिकटवल्या. काम उत्तम झालं, पण संग्राहकाच्या भाषेत ती आता ‘दुरुस्त केलेली’ गिटार आहे आणि भाव त्याप्रमाणे. पावसाळ्यात याच्या उलट होतं: फळी फुगते, तारा उंच जातात आणि बोटं दुखायला लागतात. तेव्हा घाईने सॅडल घासून घेऊ नये. दिवाळीनंतर तारा आपोआप खाली येतात आणि घासलेलं सॅडल कमी पडतं.

उपाय फार खर्चिक नाही. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि तो खोलीत नको, हार्ड केसमध्येच ठेवा. हवा कोरडी असेल तेव्हा ओल सोडणाऱ्या आणि दमट असेल तेव्हा शोषून घेणाऱ्या, ४९ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखणाऱ्या पुड्या मिळतात, त्या केसमध्ये टाका. वाजवून झालं की गिटार केसमध्ये गेलीच पाहिजे. उन्हात लावलेल्या गाडीत ती पाच मिनिटंही सोडू नका. ब्रिज धरून ठेवणारा गोंद उष्णतेने हलतो.

एक सूचना खास आमच्या यार्डातल्या हौशी मंडळींसाठी. जागा आहे म्हणून गिटार धान्याच्या गोदामात ठेवू नका. कीड मारायला गोळ्यांची धुरी देतात तेव्हा जो फॉस्फीन वायू सुटतो तो माणसाला जीवघेणा आहेच, शिवाय तांब्याला आणि तांब्याच्या मिश्रधातूंना गंजवतो. फॉस्फर ब्राँझच्या तारांत नव्वद टक्क्यांहून अधिक तांबं असतं. तारा बदलता येतील. खुंट्यांची पितळी चक्रं आणि आत पिकअप असेल तर त्याची जोडणी, हे सहज बदलण्यातलं नाही.

विम्याचं विचारतात. जरूर काढावा, पण विमा पैसे देतो, गिटार देत नाही. २०१५ च्या ‘द हेटफुल एट’ चित्रपटात कर्ट रसेलने एक गिटार आपटून फोडली. ती नक्कल नव्हती, मार्टिनच्या संग्रहालयाने उसनी दिलेली १८७० च्या दशकातली अस्सल गिटार होती. नक्कल आणून ठेवली होती, पण बदलायची राहून गेली. भरपाई मिळाली. संग्रहालयाने चित्रपटांना गिटारी देणं बंद केलं.

कुणी विचारलं, गुंतवणूक म्हणून घेऊ का, तर मी नाही म्हणतो. रॉक गायक कर्ट कोबेनची १९५९ सालची मार्टिन २०२० मध्ये साठ लाख डॉलरला गेली ती कोबेनमुळे. आपण दहा वर्षं केसमध्ये ठेवलेली गिटार आपलीच राहते आणि विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं की नेक सरळ आहे का.

राहता राहिलं आपल्याकडचं वाद्यांचं गाव, मिरज. शिकलगारांच्या घराण्यांत फरीदसाहेबांपासून सतार-तंबोरे घडू लागले त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर गाणाऱ्याचा सूर विचारतो, त्या सुराला जुळेल असा भोपळा निवडतो आणि मग जवारी काढत बसतो. दोन तंबोरे सारखे निघत नाहीत, आणि आत ‘इतक्यांपैकी इतकावा’ असं लेबलही नसतं. नंबरवाल्या गिटारीचा शोध घेणाऱ्या कितीतरी घरांत आजीचा असा तंबोरा माळ्यावर, स्लॅबखालच्या उकाड्यात, तारा ताणलेल्या अवस्थेत पडून आहे. तो आधी खाली काढा. तारा सैल करा, भोपळ्याला चीर गेली आहे का ते उजेडात बघा आणि मे उजाडायच्या आत मिरजेला दाखवून आणा.